पांढरा घुमट, सावळे चेहरे

अशोक विजयादशमीला नागपूरला आलेले कुटुंब दीक्षाभूमीचा स्तूप मागे ठेवून फोटो काढल्याशिवाय सहसा परतत नाही. पूर्वी त्यासाठी गळ्यात कॅमेरा अडकवलेला फोटोवाला गाठावा लागे, आता घरच्याच पोराच्या हाती मोबाईल असतो. फोटो मात्र पुष्कळदा तसाच येतो. घुमट लख्ख, आणि पुढे उभ्या असलेल्या आजीच्या तोंडाच्या जागी काळा डाग. मजुरी बुडवून, मिळेल त्या गाडीने आलेल्या त्या म्हातारीचा कधीकधी तो एकुलता एक फोटो असतो. पुढे नातवंडांना तिचे डोळे कसे होते हे त्यातून कळू नये, ही लहान गोष्ट नव्हे.

यात आजीच्या रंगाचा काही दोष नाही. कॅमेरा समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी धरतो. सुमारे १२० फूट उंचीचा पांढराशुभ्र घुमट, त्यामागे तापलेले आकाश, अंगावर दीक्षेची पांढरी साडी. एवढा पांढरेपणा दिसला की यंत्राला वाटते उजेड फारच झाला, आणि ते सगळे चित्र काळवंडून टाकते. घुमट ते सोसतो, सावळा चेहरा त्यात बुडतो.

उपाय वेळेत आहे आणि जागेतही. १८ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते लोकार्पण झालेल्या या स्तूपाला चार दिशांना चार दरवाजे आहेत. ऑक्टोबरात नागपूरला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. सात-साडेसातला पूर्वेच्या बाजूला, स्तूपाकडे पाठ करून उभे राहा. तिरपे, कोवळे ऊन घुमटावर आणि चेहऱ्यावर सारखेच पडते. पांढऱ्यात किंचित केशरी छटा येते, आणि सावळी कातडी घासलेल्या तांब्यासारखी उजळते. त्याच वेळी पश्चिमेला उभे राहिलात तर सूर्य स्तूपाच्या मागे जातो आणि तोंडावर सावली येते.

१४ ऑक्टोबर १९५६ चा सोहळाही सकाळचाच. बाबासाहेबांच्या अंगावर पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट होता. त्या दिवसाची कृष्णधवल चित्रे आपल्या घरोघरी आहेत. रंग नसल्याने तिथे सारे काम उजेड आणि सावली यांनीच केले आहे, म्हणून ती पाहताना आवाज आपोआप खाली येतो.

अकरा ते तीनचे ऊन मात्र निर्दय. डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो, कपाळ चमकते, थकलेला माणूस रागावलेला दिसतो. गर्दीत दुपारीच नंबर लागला तर बोधिवृक्षाकडे या. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतून आणलेल्या रोपाचा हा वृक्ष. त्याच्या दाट सावलीत उजेड मऊ असतो, सुरकुतीन् सुरकुती स्पष्ट येते. पानांतून गळणारे उन्हाचे ठिपके तेवढे तोंडावर येऊ देऊ नका. मोबाईल असेल तर पडद्यावर आजीच्या चेहऱ्यावर बोट टेकवा, यंत्र तिच्याकरिता उजेड मोजते. घुमट थोडा फिकट पडेल, पडू द्या. तो पुढच्या वर्षीही तिथेच आहे.

एक गोष्ट बोललीच पाहिजे. रंगीत फिल्मच्या काळात रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एका गोऱ्या बाईचे चित्र नमुना म्हणून पाठवी. त्याला शर्ली कार्ड म्हणत. म्हणजे ‘बरोबर’ रंग कोणता, हे आपला फोटो निघण्याआधीच ठरलेले होते! निरनिराळ्या वर्णांच्या बायांचे कार्ड १९९० च्या दशकात आले. आपल्याकडे स्टुडिओवाले लग्नाच्या फोटोत मुलगी गोरी करून देत, आता मोबाईल न सांगताच तोंड पांढरे करतो. ज्या भूमीवर जन्माने लादलेला उच्चनीचपणा झुगारला, तिथेच आपल्या लेकीचा रंग खोडायचा? ते बटण बंद करून ठेवावे.

संध्याकाळी पाचनंतर पश्चिमेची बाजू धरा. दिवसभर पायी हिंडलेल्या माणसांच्या लांब सावल्या पडतात, आणि सकाळच्या टवटवीऐवजी चेहऱ्यांवर एक निवांतपणा दिसतो. मला स्वतःला हीच वेळ अधिक आवडते. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटे आकाश गर्द निळे असते. दिवे लागतात, पांढरा घुमट त्या निळ्यावर उठून दिसतो. तेव्हा चेहरे दिव्याच्या उजेडाकडे वळवा, मोबाईल कशावर तरी टेकवा आणि आजीला म्हणा, “माय, घडीभर हालू नको.”