औंधचे कुलूप आणि लिंबची विहीर

यमाईच्या यात्रेला गेलेल्या मंडळींना औंध सांगायला नको. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातले हे गाव पूर्वी संस्थानची राजधानी होते. यमाईच्या डोंगरावरच श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते 1938 साली उभे केले. राजे स्वतः चित्रकार. राजा रविवर्म्याची चित्रे, हस्तिदंतावरचे कोरीवकाम असा मोठा ठेवा त्यांनी जमवला आणि तो मुंबई-पुण्याला न ठेवता आपल्या दुष्काळी माणदेशाच्या उंबऱ्यावर ठेवला. देवीला नारळ फोडून आलेल्या बायाबापड्यांनी चित्रेही पाहावीत, एवढाच त्यातला सरळ हिशेब.

या संग्रहालयात माता-बालकाचे एक लहानसे शिल्प आहे. ते घडवणारा हेन्री मूर हा इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातल्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. पुढे जगातल्या मोठ्या शिल्पकारांत त्याची गणना झाली. त्याची कलाकृती खटाव तालुक्यात पाहायला मिळते, हे आपल्याकडच्या पुष्कळांना आजही ठाऊक नाही.

मार्च 2020 मध्ये कोरोना आला आणि राज्यातल्या सगळ्या संग्रहालयांसारखे औंधलाही कुलूप लागले. देवळेही मिटली. देवळे त्या वर्षी 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा मिटली आणि 7 ऑक्टोबर 2021 ला, घटस्थापनेला परत उघडली. कुलूप लावणाऱ्यांना दोष देता येत नाही. बंद दालन, कोंडलेली हवा, एकामागे एक माणसे; असा रोग पसरायला यापेक्षा सोयीची जागा कोणती?

पण याच मूरची मोठमोठी शिल्पे त्याच्या मुलखात, यॉर्कशायर शिल्प उद्यानात, उघड्या कुरणात उभी आहेत. 1977 साली सुरू झालेले हे उद्यान पाचशे एकरांहून मोठे आहे आणि शिल्पांच्या भोवती मेंढ्या चरत असतात. 2020 च्या उन्हाळ्यात तिथल्या लोकांनी युक्ती केली. आतली दालने बंदच ठेवली, कुरण तेवढे उघडले. आधी नाव नोंदवायचे, ठरल्या वेळी यायचे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात स्टॉर्म किंग नावाचे असेच एक शिल्पांचे रान आहे. तिथे जुलैपासून गाडीमागे नोंदणी ठेवली, म्हणजे एका घरची माणसे एका गाडीतून येतील, पाहतील आणि परत जातील. नियम माणसांना होते. मेंढ्यांना कोण सांगणार!

ही अक्कल आपल्याला नवी नाही. 1897 च्या सुमाराला प्लेग आला तेव्हा आपल्याकडची गावेच्या गावे घरे सोडून रानात झोपड्या घालून राहिली होती. त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकीने, सावित्रीबाई फुल्यांनी, 10 मार्च 1897 ला पुण्यात देह ठेवला. मोकळी हवा म्हणजे निम्मे औषध, हे आजे-पणजे जाणून होते. औंधच्या राजांनाही भिंतींचे फारसे प्रेम नसावे. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या आटपाडीजवळ त्यांनी 1939 साली स्वतंत्रपूर ही भिंती नसलेली कैद्यांची वसाहत वसवली. 'दो आँखें बारह हाथ' हा 1957 चा चित्रपट त्याच प्रयोगावरून सुचला.

आता जरा आपल्या शिवारात पाहू. आपली बरीचशी कला मुळातच उघड्यावर आहे. साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. वीरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात ती बांधून घेतली. अष्टकोनी, साधारण 110 फूट खोल आणि 50 फूट रुंद. पंधरा मोटांची सोय, चालत बारा. म्हणून हे नाव. भोवतीच्या आमराईची सुमारे 3300 झाडे या पाण्यावर पोसली जात, असे सांगतात. विहिरीच्या पोटात छोटा महाल आणि दगडात कोरलेली शिल्पे. कलाकुसर बघणारे बघोत. ज्याने मोट हाकली आहे, त्याची नजर आधी मोटेच्या जागांवर जाईल आणि बारा मोटांना किती बैल लागत असतील याचा हिशेब तो मनात मांडू लागेल.

वाईजवळ मेणवलीला कृष्णेवर नाना फडणवीसांचा घाट आहे. आणि वीरगळ तर सातारा-सांगलीत गावोगाव. कुठे पाराजवळ, कुठे बांधाला. खाली लढाई किंवा गायींचा कळप, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर महादेवाची पिंड. गुरे राखताना पडलेल्या कुणब्याचेही हे स्मारक असते आणि त्यावर आज कुठे कपडे आपटले जातात.

या ठिकाणांना कुलूप नाही. म्हणून तिथे कोणी राखणदारही नाही. लिंबच्या विहिरीत महालाकडे जाणारे जिने अरुंद. साथ असो वा सुट्टीचा रविवार, तिथे एका वेळी किती माणसे उतरावीत हे कोणी मोजायचे? यॉर्कशायरला पैसा होता हे खरे, पण वहीत नावे घेणारा एक माणूस आणि जायची-यायची वेगळी वाट यांना काय खर्च येतो? तरुण मंडळाच्या दोन पोरांनी रविवार वाटून घेतले तरी पुरे. वीरगळ उचलून ओट्यावर नीट उभा करणे आणि खाली दोन ओळींची पाटी लावणे हे काम ग्रामपंचायतीला एका ठरावात करता येईल. फक्त त्याला ऑइल पेंट फासू नका.

लिंबला जायचे तर पुण्याकडून येताना साताऱ्याच्या अलीकडे महामार्गावर लिंब फाटा लागतो. औंधला साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे जावे. संग्रहालय उघडे आहे का हे आधी विचारून घ्यावे. आणि यमाईचे दर्शन झाल्यावर मूरचे ते शिल्प कुठे आहे, हे तिथल्या कर्मचाऱ्याला जरूर विचारा. लहान आहे, नजरेतून सुटते.