लालबागेतून गॅलरीतल्या कुंडीपर्यंत

लालबाग म्हटले की मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे गिरण्या आणि गणपती उभे राहतात. बंगळूरची लालबाग मात्र खरोखरीची बाग आहे. हैदरअलीने १७६० साली तिची आखणी सुरू केली, टिपूने ती वाढवली आणि आज ती सुमारे २४० एकरांवर पसरली आहे. आतला उघडा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा. त्याच्यापुढे १८८९ साली पायाभरणी झालेले काचघर अगदी कालचे वाटते. बहुतेक पर्यटक या काचघरापुढे फोटो काढून परततात. घरी चार कुंड्या असणाऱ्यांनी इथे सवडीने फिरावे.

इथल्या भाजीबाजारात फिकट हिरवी, नासपतीच्या आकाराची एक फळभाजी दिसते. तिला आपण चौचौ म्हणतो. कन्नडमध्ये ती 'सीमे बदनेकायी', म्हणजे परदेशी वांगे. तमिळ लोक तिला बंगळूरचे वांगे म्हणतात. ती मूळची मध्य अमेरिकेची. १८७४ पासून लालबागेची व्यवस्था पाहणाऱ्या जॉन कॅमेरॉन यांनी ती इकडे आणली. चवीला दुधीच्या जवळची. गंमत अशी की, तिच्यात एकच बी असते आणि ते फळातच रुजते. त्यामुळे बी न काढता कोंब आलेले अख्खे फळच तिरके करून अर्धे मातीत पुरायचे. वेल भराभर चढतो, तेव्हा मांडव आधीच बांधून ठेवा.

कॅमेरॉननंतर १९०८ साली आले गुस्ताव्ह क्रुम्बिगल. हे जर्मन गृहस्थ १८९३ पासून बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या चाकरीत होते. बडोद्याहून ते म्हैसूर संस्थानात आले आणि अखेरपर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत, बंगळूरचेच होऊन राहिले. रस्त्याकाठची झाडे एकदम न फुलता एकामागून एक फुलावीत, अशी त्यांची योजना. हिवाळ्यात गुलाबी टॅबेबुया, पाठोपाठ पिवळा, मार्च-एप्रिलमध्ये जांभळा जॅकरांडा, मग गुलमोहर. या शहराला उद्याननगरी म्हणतात, त्याचे बरेचसे श्रेय या माणसाला द्यायला हवे. लालबागेजवळच्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे, पण त्यावरून जाणाऱ्या किती जणांना ते कोण हे ठाऊक असेल!

पण झाडाला कळते कसे, की आता आपली पाळी आली? काहींना पाऊस सांगतो, काहींना थंडी आणि काहींना चक्क रात्र. १९२० साली गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या एका वाणावर प्रयोग करून दाखवले की, दिवसाच्या लांबीवर फुलणे अवलंबून असते. पुढे लक्षात आले, झाड मोजते ती अंधाराची लांबी. आपली शेवंती याच जातीची. पावसाळा सरून रात्री वाढू लागल्या की ती कळ्या धरते. बंगळूरला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम दीड तासाचा फरक. तेवढाही वनस्पतींना पुरतो.

म्हणून तुमच्या गॅलरीतली शेवंती हिरवीगार असूनही फुलत नसेल, तर खताला बोल लावण्याआधी रात्री तिथे जाऊन पाहा. रस्त्यावरचा दिवा किंवा तुमचाच बल्ब तिच्यावर रात्रभर पडत असेल. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात हलवा. फुलांचा व्यापार करणारे हीच युक्ती उलटी वापरतात. रात्री दिवे लावून ते बहर लांबवतात आणि भाव असेल तेव्हा फुले बाजारात आणतात.

या हौशी शहराची खरी कसोटी लागली मार्च २०२४ मध्ये. कूपनलिका आटल्या, टँकरचे भाव चढले आणि पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी बागेला घालण्यास बंदी केली. दंड ५,००० रुपये! माणसांना पाणी नसताना कुंड्यांचे लाड कशाला, हे बरोबरच. पण दहा-दहा वर्षे जपलेला मोगरा डोळ्यांदेखत वाळू देणे गृहिणींना जड जाते. अशा वेळी तांदळाचे धुवण आणि भाज्या धुतलेले पाणी कामी येते. नारळाच्या शेंड्या मातीवर पसरल्या की ओल टिकते. कुंड्या एकमेकींना खेटून सावलीत ठेवाव्यात, कारण पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून सतत वाफ जात असते आणि ऊन-वारा ती वाढवतो. मातीच्या कुंडीच्या भिंतीतूनही पाणी झिरपून उडते. टंचाईत प्लॅस्टिकची कुंडी बरी.

पाणी शुद्ध करणाऱ्या घरगुती यंत्रातून वाया जाणारे पाणी मात्र सरसकट वापरू नका. त्यात क्षार एकवटलेले असतात. मातीवर पांढरी पापडी धरू लागली, पानांच्या कडा करपू लागल्या, तर कारण तेच समजा आणि पहिल्या पावसात कुंड्या उघड्यावर ठेवून माती चांगली धुऊन निघू द्या.

लालबागेत २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरते. गर्दी अफाट असते. शक्यतो मधल्या दिवशी, सकाळी लवकर जावे. मेट्रोचे लालबाग स्थानक जवळच आहे.