भाच्याची पत आणि माझी पोस्ट

बँकेत असताना कर्जाचा अर्ज समोर आला की कागदपत्रे तपासण्याआधी आम्ही बाजारात विचारपूस करीत असू. शिंदखेड्यात किंवा दोंडाईच्याच्या मिरची बाजारात दोन-तीन जुन्या पेढ्यांवर जाऊन बसले की अर्जदाराचा व्यवहार कसा आहे, हे चहा संपेपर्यंत कळत असे. ताळेबंद नंतर पाहिला जाई. आधी पत पाहिली जाई. आज नोकरी देणारेही हेच करतात. फक्त ही विचारपूस आता मोबाइलच्या पडद्यावर होते. हे मला एका चुकीनंतर उमगले, आणि ती चूक माझीच होती.

माझा भाचा बी.कॉम. होऊन नाशिकला एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करीत होता. पुण्याच्या एका कंपनीने त्याला मुलाखतीस बोलावले. ही गोष्ट त्याने घरच्या चार माणसांनाच सांगितली होती. मला मात्र आनंद आवरला नाही. त्याचे छायाचित्र फेसबुकवर टाकून, त्याचे नाव जोडून मी लिहिले, ‘पुण्याच्या नव्या नोकरीसाठी हार्दिक शुभेच्छा!’ सायंकाळपर्यंत अभिनंदनांची रांग लागली. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी त्याला बोलावून खुलासा मागितला. पुण्याला त्याची निवड झाली नाही, आणि चार महिन्यांत नाशिकची नोकरीही सोडावी लागली. तो मला एवढेच म्हणाला, “मामा, एकदा विचारायचं तरी होतं.”

कीर्दीतील चुकीची नोंद उलट नोंद करून दुरुस्त करता येते. मी पोस्ट काढून टाकली. पण ज्यांनी पाहायला नको होती त्यांनी ती पाहिली होती.

पालघरची घटना अनेकांना आठवत असेल. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर झालेल्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिले. तिच्या मैत्रिणीने त्याला केवळ पसंती दर्शवली. दोघींनाही अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्या कलमाचा धाक संपला. पण नोकरी देणाऱ्याच्या मनात बसलेल्या मताविरुद्ध अपील करता येत नाही.

दिवाळीत भाचा शिंदखेड्याला आला, तेव्हा आम्ही दोघे त्याची खाती उघडून बसलो. प्रथम दुसऱ्याच्या मोबाइलवरून त्याचे नाव शोधले, म्हणजे परक्याला काय दिसते ते कळले. महाविद्यालयीन काळातील काही उर्मट शेरे त्याने काढून टाकले. घरगुती छायाचित्रे सर्वांऐवजी केवळ मित्रांना दिसतील अशी व्यवस्था केली. इतरांनी त्याचे नाव जोडले तर ते त्याच्या संमतीशिवाय त्याच्या पानावर दिसू नये, ही सोयही फेसबुकवर आहे. ती सुरू केली. लिंक्डइनवर नोकरी शोधत असल्याची हिरवी पट्टी छायाचित्राभोवती लावली की ती सर्वांना, म्हणजे सध्याच्या मालकालाही दिसते. केवळ भरती करणाऱ्यांना कळवण्याचा दुसरा पर्याय आहे. मात्र आपल्याच कंपनीला ते कळणार नाही, याची पूर्ण हमी लिंक्डइनही देत नाही. अर्जातील तारखा, पदे आणि तेथील माहिती तंतोतंत जुळवली. खोटे काही लिहिले नाही. वसुली विभागात पाहिलेल्या अनेक प्रकरणांचे मूळ पहिल्या अर्जातील छोट्या असत्यात होते.

तरुणांना हे सारे आपल्यापेक्षा अधिक कळते. सांगायचे आहे ते आपल्या पिढीला. पेढीची पत एकटा मालक राखत नाही. मुनीम, भाऊ, मुले सारेच ती राखतात किंवा घालवतात. मुलांचे नावही तसेच आहे. मुलाखत, पगार, सोयरीक यांविषयी त्यांना विचारल्याशिवाय आपण एक ओळही लिहू नये.

यंदा भाच्याला धुळ्यात नोकरी मिळाली. रुजू झाल्यावर त्याने स्वतःच घरच्या समूहावर कळवले. मी त्याचे अभिनंदन फोनवरून केले.