खाडा कुणी भरायचा?

एचआयव्हीवरच्या औषधचाचण्या गरीब देशांत का रखडतात, असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. निधी नाही, प्रयोगशाळा नाहीत, परवानग्यांना वेळ लागतो. सगळं खरं आहे. पण पुण्यात या कामात इतकी वर्षं काढल्यावर मला सर्वांत मोठी अडचण दिसते ती रुग्णाच्या गुपिताची. ते फुटू न देता त्याला अभ्यासात टिकवायचं कसं?

‘एचपीटीएन ०५२’ ही चाचणी घ्या. नऊ देशांतली १,७६३ जोडपी, प्रत्येकात एकाला लागण झालेली, दुसऱ्याला नाही. पुणे आणि चेन्नई ही भारतातली केंद्रं. उपचार लवकर सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे तिनं २०११ मध्ये दाखवलं. पण अशा अभ्यासात यायचं तर आधी जोडीदाराला सांगावं लागतं. लागण नवऱ्याकडून आलेली असली तरी बोल सुनेलाच लागतो. घराबाहेर काढतील या धास्तीनं कितीतरी बायका आमच्या दारातूनच परत जातात.

मग पाठपुरावा. दसरा-दिवाळीनंतर बीडकडची जोडपी ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादमाची उचल घेतलेली असते. तपासणीसाठी दिवस मोडला की खाडा धरून पैसे कापले जातात. कोपीला धड दार नसतं. गोळ्यांची बाटली खुळखुळते, म्हणून बाई गोळ्या काढून पुडीत बांधते आणि पिठाच्या डब्यात दडवते. तिथं त्यांना ओल लागते, मोजदाद चुकते, आणि आमच्या कागदावर ‘औषध नियमित नाही’ अशी नोंद पडते. ती मात्र जिवापाड जपून गोळी घेत असते. आम्ही गाडी घेऊन फडावर जाऊही शकत नाही. गाडी दिसली की टोळीत कुजबुज सुरू होते.

रुग्णाच्या संरक्षणाचे नियमही इथंच अडतात. २०१३ मध्ये औषधचाचणीच्या संमतीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण बंधनकारक झालं. त्यामागचा हेतू मला पूर्ण मान्य आहे. पण समोर कॅमेरा म्हटल्यावर आमचा रुग्ण उठून जायचा. २०१५ मध्ये नियम बदलला. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी नुसता आवाज नोंदवला तरी चालेल असं ठरलं. या दोन आजारांतल्या माणसाला तोंड लपवावंसं का वाटतं, हे कायद्यानं ओळखलं याचं मला फार मोल वाटतं.

चाचण्यांचे आराखडे मात्र अजूनही गळीत हंगामाकडे न बघता लिहिले जातात. साखर कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात रक्त घेण्याची सोय, न वाजणारी साधी डबी, बुडालेल्या मजुरीची भरपाई, एवढा खर्च पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात धरा, असं मी प्रत्येक बैठकीत मागते. प्रवासखर्च मंजूर होतो. मजुरीचा विषय निघाला की एथिक्स कमिटीत प्रश्न येतो, पैशाच्या आमिषानं संमती घेतल्यासारखं होईल का? शंका रास्त आहे. पण बाई आमच्याकडे आली त्या दिवसाचा खाडा आम्ही भरून दिला नाही, तर तो तिच्या उचलीतून कापला जातो.