वानप्रस्थाचे सात दिवस

आपल्या स्मृतिकारांनीं मनुष्याच्या आयुष्याचे चार भाग पाडून तिसर्‍या भागास वानप्रस्थ असें नांव दिलें. अंगावर सुरकुत्या दिसूं लागल्या, केंस पिकले आणि मुलाला मूल झालें, म्हणजे गृहस्थानें अरण्याची वाट धरावी, असें मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत सांगितलें आहे. पत्नीची व्यवस्थाही तेथेंच सांगितली आहे : तिला मुलांच्या स्वाधीन करावें, किंवा बरोबर घेऊन जावें. हा 'किंवा' मूळ श्लोकाच्या अगदीं शेवटीं, 'वा' या एकाच अक्षरानें आला आहे. लहानपणीं पाठशाळेंत हा श्लोक पाठ करणार्‍या मुलाचें लक्ष त्या अक्षराकडे कशाला जातें? साठी उलटल्यावर मात्र गृहस्थाश्रमाचा सगळा हिशेब त्या एका अक्षराशीं येऊन थांबतो.

वाचकांनीं घरदार सोडून अरण्यांत जावें, असें सुचविण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. निवृत्तिवेतन, औषधांच्या बाटल्या आणि नातवंडें यांना सोडून जाणारा पुरुष आज शोधूनही सांपडणार नाहीं. पण वानप्रस्थ जन्माचा न घेतां सात दिवसांचा घेतां येतो, आणि तो पत्नीसह घेतला तर त्यांतून कांहीं निराळेंच हातीं लागतें, हें आम्ही अनुभवानें सांगूं शकतों.

आमचें घर नाशिकास, अकरा माणसांचें. वडील बंधु व वहिनी, आम्ही उभयतां, मुलगे, सुना आणि नातवंडें. अशा घरांत माणसाला एकटेपणा कधीं सोसावा लागत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. पण नवराबायकोला दोघांनींच बसून चार शब्द बोलायला जागाही सांपडत नाहीं, ही त्याची दुसरी बाजू. आमचा विवाह १९८१ सालीं झाला. तेव्हांपासून आम्ही उभयतां यात्रेला गेलों तें मंडळींबरोबर आणि लग्नकार्याला गेलों तेंही मंडळींबरोबरच.

सौ.चें माहेर प्रवरेच्या कांठचें संगमनेर. ज्या नदीच्या पाण्यांत आपण लहानपणीं पाय बुडविले ती निघते तरी कोठून, हें एकदां डोळ्यांनीं पाहावें, ही तिची फार जुनी इच्छा. प्रवरेचा उगम रतनगडावर आहे. तेथून डोंगराडोंगरानें हरिश्चंद्रगडापर्यंत पायवाट जाते. तरुण मंडळी ती तीन दिवसांत चालतात. आपण सहा दिवस घेऊं, असें आम्हीं ठरविलें आणि दिवाळीनंतर तें घरांत जाहीर केलें.

थोरला मुलगा म्हणाला, "एवढें मनांत असेल तर मोटारीनें भंडारदर्‍याला जा. दोन दिवस चांगल्या ठिकाणीं राहा आणि या. डोंगरांत कांहीं झालें तर आम्हांला कळणार कसें?" धाकट्या सुनेनें गुडघ्याच्या पट्ट्या आणून पुढें ठेविल्या. वहिनींना निराळीच अडचण दिसली. त्या म्हणाल्या, "या वयांत दोघांनींच जाणें बरें दिसत नाहीं हो." इतका वेळ दादा वर्तमानपत्र वाचीत होते. तें खालीं न ठेवतांच ते म्हणाले, "जाऊं द्या त्यांना. आम्हांला कोणी असें जाऊं दिलें असतें, तर आम्हीही गेलों असतों." हें ऐकून वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, पण दुसर्‍या दिवशीं दशम्यांचा डबा त्यांनींच भरला.

तें साल २०२२, महिना कार्तिकाचा. पाऊस संपलेला, ओढ्यांना पाणी टिकून होतें आणि गवताचा हिरवा रंग उतरून सोनेरी होऊं लागला होता. भंडारदर्‍याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें; त्याच्या जलाशयाच्या वरच्या टोंकाला रतनवाडी आहे. गांवांतलें अमृतेश्वराचें मंदिर जुन्या कोरीव शिल्पाचें. पहिली रात्र आम्हीं गांवांतच काढली आणि तेथील एका तरुणाला वाटाड्या म्हणून बरोबर घेतलें. तो महादेव कोळी समाजाचा, बोलायला थोडा, पण पायांत वार्‍याचा वेग असणारा. निघतांना त्यानें सांगितलें, "बाबा, आई मधें चालतील. मी पुढें, तुम्ही मागं."

चाळीस वर्षें रस्त्यानें चालतांना नवरा पुढें आणि बायको चार पावलें मागें, ही आमच्या पिढीची रीत. वाटाड्यानें ती एका वाक्यांत मोडली. डोंगरांतली वाट एका माणसापुरती. दोहों बाजूंना कारवीचें रान आणि पुढें सौ.ची पाठ, याखेरीज आम्हांस दिवसभर दुसरें कांहीं दिसण्यासारखें नव्हतें. डावा पाय ती किंचित् जपून टाकते, चढ आला कीं दीर्घ श्वास घेण्यासाठीं न थांबतां पावलें लहान करते आणि दगड हलतो आहे असें दिसलें कीं मागच्याला हातानें खूण करते, या गोष्टी आम्हीं त्या वाटेवर पाहिल्या. तिच्या चालण्याला एक लय होती. तिच्या पावलांत पाऊल टाकूं लागल्यावर आमचीही धाप कमी झाली.

रतनगडाच्या शेवटच्या टप्प्यावर लोखंडी शिड्या आहेत. त्या चढून, गणेश दरवाजा ओलांडून आम्ही उभयतां वर पोंचलों तेव्हां दुपार झाली होती. गडाच्या माथ्यावर खडकाला आरपार भोंक पडलें आहे. त्याला नेढें म्हणतात. त्यांत बसलें म्हणजे वारा अंगावरून नदीसारखा वाहतो. उत्तरेला कळसूबाईचें शिखर दिसत होतें. १,६४६ मीटर उंचीचें हें शिखर महाराष्ट्रांत सर्वांत उंच. प्रवरा जेथून निघते म्हणतात तेथें वाटाड्यानें नेलें. दगडांतून पाझरणारें थोडेंसें पाणी! सौ. त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग ओंजळभर पाणी डोळ्यांना लावून म्हणाली, "एवढीशीच असते होय, माहेरीं असतांना?" ही नदी पुढें संगमनेरावरून जाऊन प्रवरासंगम येथें गोदावरीला मिळते, आणि गोदावरी तर आमच्या नाशिकाची. तिच्या बोलण्याचा अर्थ आम्हांस कळला. त्यावर बोलण्यासारखें कांहीं नव्हतें. ती रात्र आम्हीं गडावरील गुहेंत काढली.

तिसर्‍या दिवशीं कात्राबाईची खिंड ओलांडावयाची होती. खिंडीपर्यंतचें जंगल इतकें दाट कीं दुपारींही ऊन जमिनीला लागत नाहीं. हा सारा मुलूख १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत मोडतो. खिंडींतून समोर आजोबाचा डोंगर उभा दिसतो. वाल्मीकींचा आश्रम तेथें होता आणि लवकुश त्यांना आजोबा म्हणत, म्हणून डोंगराला तें नांव पडलें, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. तेथून कुमशेत गांवापर्यंत मोठा उतार. त्या उतारावर आमचा उजवा गुडघा धरला. शेवटचा तास वाटाड्याच्या खांद्यावर एक हात आणि दादांनीं दिलेल्या काठीवर दुसरा, अशा रीतीनें आम्ही गांवांत शिरलों.

ज्यांच्या घरीं उतरलों त्या घरच्या आजींनीं निरगुडीचा पाला गरम करून गुडघ्याला बांधला. तांदळाची भाकरी आणि पिठलें वाढलें. वाटाड्या म्हणाला, येथून गाडीनें राजूरला जातां येईल. पुढचा गड राहूं द्या. आम्हांस तें पटण्यासारखें होतें. सौ. मात्र म्हणाली, "आज कांहीं ठरवायचें नाहीं. उद्यांचा दिवस येथेंच थांबूं. परवां पाय काय सांगतो तें पाहूं. चाळीस वर्षांत आपल्याला एक दिवस जास्त मिळत असेल, तर तो कां टाकायचा?"

अशा रीतीनें सहांचे सात दिवस झाले. चौथ्या दिवशींच्या रात्रीं आम्ही उभयतां अंगणांत बसलों होतों. गांव निजलें होतें. मोबाइल निघाल्यापासून मुका होता. बर्‍याच वेळानें सौ. म्हणाली, "आपली मुलगी आज अडतीस वर्षांची झाली असती."

आमची पहिली मुलगी १९८७ सालीं तापानें गेली. ती तीन वर्षांची होती. त्या वेळीं घरांत पुतणीचें लग्न ठरलेलें. सुतक फिटलें आणि पंधरा दिवसांत दारीं मांडव पडला. घरचें मंगलकार्य कोणी थांबवावें, अशी अपेक्षा ना आमची होती, ना तिची. तेव्हांपासून मुलीचें नांव आम्हां दोघांत निघालें नव्हतें. वडीलधार्‍यांच्या देखत तें निघणें शक्य नव्हतें, आणि वडीलधारे नाहींत अशी घटकाच त्या घरांत कधीं नव्हती.

सौ. पुढें म्हणाली, "रडायला जागा नव्हती हो. सकाळीं न्हाणीघरांत बंब पेटवायचें काम मी मागून घेतलें होतें. धूर होई. डोळे पुसले तरी कोणी विचारीत नसे."

पहांटेचा तो बंब आम्हांस आठवत होता. त्या दिवसांत शाळा सुटल्यावर आम्ही गोदेच्या घाटावर दिवेलागणीपर्यंत बसून राहत असूं, आणि घरीं शाळेंत काम होतें असें सांगत असूं. तें आम्हीं तिला त्या रात्रीं सांगितलें. ती म्हणाली, "म्हणजे तुम्हीही?" आम्ही म्हणालों, "हो." त्यानंतर आम्ही उभयतां फारसें बोललों नाहीं. थंडी वाजूं लागली तेव्हां आंत गेलों.

पांचव्या दिवशीं गुडघ्यानें संमति दिली. हळूहळू चालत पाचनईस पोंचलों. सहाव्या दिवशीं ओढ्याच्या कांठानें, उजव्या-डाव्या हाताला प्रचंड कडे पाहत, हरिश्चंद्रगड चढलों. हरिश्चंद्रेश्वराचें दर्शन घेतलें. शेजारच्या केदारेश्वराच्या गुहेंत कमरेएवढ्या गार पाण्यांत भव्य शिवलिंग आहे आणि चार खांबांपैकीं एकच उभा आहे. सौ.नें त्या पाण्यांत उतरून प्रदक्षिणा घातली. आम्हीं गुडघ्याचें निमित्त करून कांठावरूनच हात जोडले.

सातव्या दिवशीं सकाळीं कोंकणकड्यावर गेलों. नालेच्या आकाराचा, मध्यें आंत वळलेला असा हा तुटलेला कडा. त्याच्या खालीं एकदम कोंकण. त्या दिवशीं सगळी दरी धुक्यानें भरली होती. सूर्य आमच्या पाठीमागें कासराभर वर आला आणि समोरच्या धुक्यावर रंगीत गोल कंकण उमटलें. यालाच इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकार्‍यानें १८३५ सालीं छापलेल्या दक्षिणेच्या हवामानावरील निबंधांत या वर्तुळाकार इंद्रधनुष्याची हकीकत लिहून ठेविली आहे.

आम्हीं सौ.ला म्हटलें, "पाहा, कंकणाच्या मधोमध माझ्या डोक्याची सावली आहे."

ती म्हणाली, "तुमच्या कोठें? माझ्या डोक्याभोंवतीं आहे."

वाटाड्या हंसून म्हणाला, "मला तर माझ्याच दिसतंय!"

तिघांचेंही खरें होतें. सूर्य पाठीशीं आणि धुकें समोर असलें, म्हणजे धुक्याच्या सूक्ष्म थेंबांवरून प्रकाश मागें फिरतो, आणि ज्याच्या डोळ्यांत तो फिरून येतो त्याला तें कंकण स्वतःच्याच डोक्याच्या सावलीभोंवतीं दिसतें. शेजारीं हात धरून उभ्या असलेल्या माणसालाही निराळें, त्याचें स्वतःचें कंकण दिसत असतें. दुसर्‍याचें आपल्याला दिसत नाहीं. त्यानें सांगितलें तरच कळतें. सौ.ला हें समजावून सांगितलें तेव्हां ती म्हणाली, "मग सांगत जावें." एवढेंच ती बोलली, पण कुमशेतच्या अंगणांतली रात्र आम्हां दोघांच्याही मनांत होती. घटकाभरानें धुकें विरलें, कंकण गेलें आणि दुपारीं आम्हीं गड उतरला.

विवाहांत वधूवरें सात पावलें बरोबर चालतात. पाणिनीच्या व्याकरणांत 'साप्तपदीन' हा शब्द सख्य या अर्थीं सिद्ध केला आहे. सात पावलें बरोबर चालल्यानें जें होतें तें सख्य. या शब्दांत विवाहाचा, प्रेमाचा किंवा संसाराचा उल्लेख नाहीं. फक्त चालण्याचा आहे. गर्दीच्या घरांत संसार उत्तम होतो, आणि आमचाही झाला. सख्याला मात्र थोडी मोकळी वाट लागते.

म्हणून एकत्र कुटुंबांतील कर्त्या मुलांना आणि सुनांना आमची एक विनंती आहे. घरांतील वडील जोडप्याला वर्षांतून आठ दिवस दोघांनाच कोठें तरी पाठवीत जा. डोंगरच पाहिजे असें नाहीं. जेथें स्वैंपाक, पाहुणे, नातवंडें आणि दूरदर्शन हीं चारही नसतील, अशी कोणतीही जागा चालेल. डोंगरांत जावयाचें असेल तर पावसाळा टाळावा, वैद्याला विचारावें, गांवचा वाटाड्या घ्यावा, आणि ठरविलेल्या दिवसांत एक दिवस जास्तीचा धरावा. तो दिवस रिकामा जाईल अशी भीति बाळगूं नये. आमच्या प्रवासांत जें कांहीं घडलें, तें त्याच दिवशीं घडलें.