आग विझल्यानंतर

मराठीत भाजण्याला शब्दांची वाण नाही. चटका, पोळणे, होरपळणे, जळणे. प्रत्येकाची तऱ्हा निराळी. परंतु हे सारे शब्द ज्वाळेपाशीच थांबतात. आपल्या कथा-कादंबऱ्यांतही बहुधा आग विझली की प्रकरण संपते. प्रत्यक्षात माणसाच्या जगण्या-मरण्याचा निकाल पुष्कळदा त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत लागतो.

डहाणूला मी मराठी शिकवीत असे. तलासरी हे नाव साहित्याच्या विद्यार्थ्याला भेटते ते गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या पुस्तकातून. माझ्या वर्गातल्या काहींचे मात्र ते घरच होते. त्यांतल्या एकाची थोरली बहीण चुलीपाशी भाजली. पहिल्या दिवशी ती शुद्धीवर होती, लेकरांची चौकशी करीत होती. ‘बोलते आहे, म्हणजे वाचेल,’ असे सर्वांनी धरले. पाचव्या दिवशी ताप चढला, ती बरळू लागली. नवव्या दिवशी गेली. वर्गात परतल्यावर त्याने विचारले, ‘‘सर, आग तर त्याच दिवशी विझली होती ना?’’

त्या प्रश्नापायी मी बरेच वाचले. कातडी ही देहाची वेस. ती जळली की प्रथम अंगातला द्रव झिरपून जातो. सलाईनने तो भरून काढला की रुग्ण सावरल्यासारखा दिसतो. पण मेलेल्या कातडीत रक्त फिरत नाही, म्हणून शिरेतून दिलेले औषधही तिथवर पोचत नाही. जंतूंना मात्र ती ओलसर, उबदार जागा मानवते. स्टॅफिलोकोकस, हिरवट पू आणणारा स्यूडोमोनास, रुग्णालयांतच मुरलेला अ‍ॅसिनेटोबॅक्टर, हे जखमेतून किंवा सलाईनच्या नळीवाटे रक्तात उतरतात. पहिल्या दिवसाची शुद्ध खरी असते, पण ती जगण्याची हमी नसते.

यावर उपाय आहे. स्लोव्हेनियाच्या डॉ. झोरा यान्झेकोविच यांनी १९७० साली मांडले, की मेलेली कातडी पहिल्या काही दिवसांतच तासून काढावी आणि लगेच नवी लावावी. रुग्णाची स्वतःची अपुरी पडली, तर दान केलेली त्वचा तात्पुरती झाकण होते. ती मृत्यूनंतर ६ तासांच्या आत काढतात. रक्तगट जुळावा लागत नाही. मुंबईत सायन रुग्णालयात २००० सालापासून त्वचापेढी आहे. तलासरीवरून मुंबईचा महामार्ग जातो. परंतु दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाला मजुरी सोडून तीन आठवडे रुग्णालयात बसणे, हा त्या रस्त्याहून लांबचा पल्ला आहे.

दाखल्यावर ‘सेप्टिसीमिया’ लिहिले जाते, गावात ‘भाजून गेली’ म्हणतात. मधले नऊ दिवस दोन्हींत नाहीत. त्या दिवसांना घरगुती बोलीत एखादा शब्द असता, तर ताप चढताच त्याचा अर्थ कुणाच्या तरी ध्यानात आला असता. जे काही करता येते, ते त्याच दिवसांत.