संकेतार्थ

प्रथम वर्षाला क्रियापदाचे अर्थ शिकवताना स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ पटकन आटोपतात. मी रेंगाळते ती संकेतार्थापाशी. ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते.’ न पडलेला पाऊस आणि न आलेले पीक, एवढ्यावर हे वाक्य उभे असते. तरी ते खोटे नसते.

त्या दिवशी उदाहरणादाखल मी वि. स. खांडेकरांकडे वळले. १८९८ मध्ये आमच्या सांगलीत जन्मलेले गणेश आत्माराम दत्तक गेले आणि विष्णू सखाराम झाले. फर्ग्युसनमधले शिक्षण अर्धवट सुटले. १९२० मध्ये ते शिरोड्याला शिक्षक म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत तिथेच राहिले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, पदवी घेऊन ते पुण्यातच राहिले असते तर ‘ययाति’ झाली नसती का?” मी ठामपणे म्हटले, “नसती.”

वर्गाबाहेर आल्यावर त्या ठामपणाची लाज वाटली. मला काय ठाऊक? कदाचित ‘ययाति’हून मोठे काही झाले असते. जे घडले त्यालाच अपरिहार्य ठरवणे हाही संकेतार्थच, फक्त सोयीचा.

आणि सोय मी माझीच पाहत होते. वडिलांच्या आजारपणामुळे २००४ मध्ये पुण्यातील संशोधनाची संधी सोडून मी साताऱ्यात नोकरी धरली. दर शनिवारी सांगली गाठता येईल म्हणून. एसटीने कऱ्हाड मागे टाकले की, पुण्याला गेलेली ती दुसरी मी शेजारी येऊन बसे. तिच्यावर कादंबरी लिहू लागले. आरंभी तिने भरभरून दिले : न पाहिलेली खोली, न भेटलेली माणसे, न झालेली भांडणेसुद्धा. पुढे मात्र तीच परीक्षक झाली. माझे प्रत्येक वाक्य तिने किती सरस लिहिले असते, हे मला दिसू लागले. (न लिहिलेल्या वाक्यात चूक काढणार कोण?) चाळिसाव्या पानावर वही मिटली. वडील गेले, तेव्हाही ती मिटलेलीच होती.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नानंतर वही पुन्हा काढली. पुण्यातल्या त्या बाईला प्रथमच एक उणीव दिली : वडिलांच्या अखेरच्या रात्री ती सांगलीत नव्हती. त्यानंतर सहा पाने झाली आहेत. त्यांतली दोन बहुधा काढावी लागतील.